माय-बाबा सौदीले चालले बहिणीच्या बाळंतपणाले: लाडू, मसाला, गोळ्या नेता येते का?

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राह्यलो. माही लहान बहीण सौदीत दम्मामले असते, जावई तिकडं इलेक्ट्रिकलचं काम पाह्यते. तिले आता आठवा लागन. पहिलटकरीण हाय, म्हणून माय-बाबा दोघंही चालले. व्हिजिट व्हिसाचं जावई तिकडून करून राह्यले, मुंबईले जाऊन बोटाचे ठसे देऊन आलो. आमच्या घरातून इमानात बसणारे हे पहिलेच.

आता अडचणी सांगतो. मायच्या पासपोर्टवर ईसीआर असं छापून आलं, ती चौथीपर्यंतच शिकली म्हणून. वय ४८. एजंट म्हणते हे काढल्याशिवाय इमानतळावरून वापस पाठवतात, पैसे भरा, मी काढून देतो. खरं हाय का हे?

दुसरं, मायनं घर डोक्यावर घेतलं हाय. डिंक, खारका, खोबऱ्याच्या वाट्या, खसखस, अळीव, मेथ्या, सारं आणून झालं. लाडू इथूनच करून न्यायचे म्हणते. वर्षाचा मसाला केला त्यातला एक डबा बांधला. बाळाच्या घुटीचं वेगळं गठुडं: जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, अजून काय काय. काल जावयाचा फोन आला, थे म्हणते खसखस आणू नोका, लफडं होते. मायले वाटते जावई लाजून राह्यले, लोक हासतीन म्हणून. मलेही समजत नाही, खसखशीत काय हाय बाप्पा? किराणा दुकानात भेटते.

मायले शुगर हाय, बीपी हाय, पायाची आग होते त्याची रात्रीची एक कॅप्सूल चालू हाय. आणि बाबाले खर्रा लागते, त्याचं काय कराव?

शेजारच्या काकाजीचं पोरगंही तिकडंच हाय, त्यांनीही एक डबा आणून ठेवला, 'तेवढं देजा' म्हणे. कोणी सौदीले जाऊन आलं असन तर नीट सांगा जी.

वणीची_सिस्टर

भाऊ, मी वणीची. दम्मामलाच हॉस्पिटलात लेबर रूमला स्टाफ नर्स होते, आता गावाकडे परत आले आहे. तुमच्या मायसारख्या कितीतरी माया मी तिथं पाहिल्या. लेकीच्या खाटेजवळ बसून विचारायच्या, "सिस्टर, इथं डिंक कुठं भेटते?" म्हणून जरा लांबवर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी जावयांचं. ते लाजून नाही राहिले, शंभर टक्के बरोबर सांगून राहिले. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात सरकारी परवान्यानं अफू पिकते, आणि आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात 'पॉपी स्ट्रॉ'च्या (कापणीनंतरच्या अफूच्या बोंड-काडाच्या) व्याख्येतून बी वगळलेलं आहे, म्हणून ती किराणा दुकानात तिळाच्या शेजारी बसते. सौदीत तशी सूट नाही. त्यांच्या लेखी ती अफूच. बोंड फोडताना बियांना चीक लागतो, त्यामुळे तपासणीत मॉर्फिनचा अंश दिसू शकतो. तिथं प्रत्येक बॅग उतरल्यावर एक्स-रे मधून जाते. बॅग उघडायला लावली आणि पुडी निघाली, तर "बाळंतिणीसाठी आहे" हे अरबीत कोण समजावणार? अमली पदार्थांच्या तस्करीला त्या देशात फाशीपर्यंत शिक्षा आहे. पावभर खसखशीला कोणी फासावर देत नाही, पण चौकशी होईपर्यंत माय कुठं बसणार, याचा विचार करा. लेक इकडं कळा देऊन राहिली आणि माय विमानतळाच्या खोलीत.

तेव्हा खसखस नाही. आणि नुसती पुडी नाही असं नाही, लाडवातली पण नाही, मसाल्यातली पण नाही. आपला वऱ्हाडी मसाला बहुतेक घरी खसखस भाजून घालूनच कुटतात, तुमच्या मायनंही घातली असेल, विचारून पाहा. घातली असेल तर तो डबा घरीच ठेवा. न्यायचाच असेल तर धने, मिरची, दगडफूल, तेजपान, मिरे, लवंग असा वेगळा घाणा कुटा. किंवा सरळ पाकीटबंद मसाला घ्या, ज्याच्यावर घटक छापलेले आहेत. सुटं, बिनलेबलाचं, तपकिरी भुकटी दिसणारं काहीही त्या टेबलावर अडतं.

आता जायफळ. हे ऐकून माय अजून चिडतील. जायफळ, अख्खं असो की पूड, सौदीत आणायला बंदी आहे. जास्त प्रमाणात खाल्लं तर नशा करते म्हणून. तयार मसाल्यात दुसऱ्या जिनसांसोबत थोडं असलं तर चालतं, २० टक्क्यांच्या आत. पण घुटीच्या गठुड्यातलं अख्खं जायफळ काढून ठेवा. आणि नर्स म्हणून सांगते, भाऊ, ते पूर्ण गठुडंच राहू द्या. सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नाही. पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. घुटी उगाळून उगाळून पोट फुगलेली, गुंगलेली लेकरं मी इथंही पाहिली आणि तिथंही. जायफळानं लेकरू शांत झोपते म्हणतात ना, ते काऊन झोपते याचा विचार कोणी करत नाही. वेखंडाचा एखादा तुकडा बाळाच्या टाळूवर लावायला नेला तर हरकत नाही, पोटात मात्र काही नको.

बाकीचं ऐकून मायला बरं वाटेल. डिंक चालतो, खारका तर त्यांच्याच देशाच्या, बदाम-काजू चालतात. अळीव तर तिथल्या बायका स्वतः बाळंतिणीला देतात! 'हब्ब रशाद' म्हणतात. मेथीला 'हुल्बा', तीही उकळून पाजतात. आमच्या वॉर्डात एक म्हातारी सौदी आजी नातीसाठी थर्मासात हुल्बा घेऊन यायची, झाकण उघडलं की सगळी खोली आपल्या मेथीच्या लाडवाची. मी तिला खुणेनं सांगितलं की आमच्याकडेही हेच, तर तिनं मला बळंच एक कप प्यायला लावला. कडू विष, पण संपवला. मायला सांगा, मोठ्या सुपरमार्केटमध्ये सुंठ, ओवा, बाळंतशेपा, गूळ, साजूक तूप सगळं भेटते. हात तुमच्या मायचा, सामान तिथलं. लाडू तिथंच करा, ताजे होतील.

खोबऱ्याच्या वाट्या सौदीच्या आधी आपल्याच विमानतळावर काढून घेतात. वाळलं खोबरं तेलकट असते, आपोआप पेट घेऊ शकते म्हणून विमानात बंदी. ना हातातल्या बॅगेत, ना खालच्या.

गोळ्यांकडे येऊ. पायाची आग म्हणालात, रात्रीची कॅप्सूल म्हणालात, म्हणून कान टवकारले. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते चष्मा लावून वाचा. ब्रँडचं मोठं नाव सोडा, खालचं नाव वाचा. 'प्रेगाबालिन' किंवा 'गॅबापेंटिन' दिसलं की थांबा. शुगरवाल्यांच्या पायाच्या जळजळीला आपल्याकडचे डॉक्टर सर्रास प्रेगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन एकत्र असलेली कॅप्सूल देतात. प्रेगाबालिन सौदीत नियंत्रित औषधात येते. ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची बाटली, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम हीसुद्धा. अशी औषधं नेता येतात, पण परवानगी काढून: तिथल्या फूड अँड ड्रग अथॉरिटीचं ऑनलाइन पोर्टल आहे, सीडीएस म्हणतात त्याला. त्यावर पासपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचा फोटो चढवायचा. प्रमाणही ३० दिवसांपुरतं किंवा उपचाराच्या मुदतीपुरतं, जे कमी असेल तेवढंच. जावयांना सांगा, ते तिथून भरू शकतील.

किंवा आत्ताच डॉक्टरांना भेटून दुसरी गोळी बसते का विचारा. पण मनानं एकदम बंद करू नका, प्रेगाबालिन झटकन सोडली की त्रास होतो, हळूहळू उतरवावी लागते. त्यासाठी हाताशी वेळ पाहिजे, म्हणून आजच वाचा म्हणते.

शुगर-बीपीच्या गोळ्या नियंत्रित नाहीत, बिनधास्त न्या. फक्त मूळ स्ट्रिपमध्ये ठेवा. गोळ्या फोडून सोमवार-मंगळवारच्या डबीत भरून नेऊ नका. सोबत डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी: पासपोर्टवर आहे तसंच नाव, आजार, औषधाचं मूळ नाव, डोस, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. एक प्रत हातातल्या पर्समध्ये. वैद्यांच्या पुड्या, सुटी चूर्णं नकोतच. जातिफलादि चूर्णात तर भांगच असते, ते पोटासाठी म्हणून कोणी घेत असेल तर आधी बाहेर काढा. होमिओपॅथीचे अर्कही दारूतले असतात, आणि सौदीत पर्यटकाला दारू म्हणजे शून्य.

बाबांचा खर्रा. चघळायचा तंबाखू, पान, गुटखा, काहीच नेता येत नाही. अहो आपल्याच राज्यात २०१२ पासून गुटखा बंद आहे, पण ते सोडा. आजपासून कमी करायला लावा. तिथं उतरल्यावर एकदम बंद झालं तर चिडचिड, डोकेदुखी, आणि ती सगळी बाळंतिणीच्या घरात निघणार.

एजंटचं थोडक्यात: ईसीआर म्हणजे परदेशात नोकरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्यांसाठीची अट. सौदीसह १८ देशांसाठी ती आहे, पण नोकरीसाठी. भेटीच्या व्हिसावर जाणाऱ्याला व्हिसा आणि परतीचं तिकीट पुरते. एक पैसा देऊ नका.

आणि काकाजीचा डबा परत करा.

बिनधास्त_बुलडाणा

सिस्टर ताईंनी उगाच घाबरवून सोडलं त्या बिचाऱ्याला. आमची आत्या दरवेळी जाते, डिंकाचे लाडू, मसाला, सगळं नेते. खसखस टाकलेलं. कोणी विचारत नाही. आपलेच लोक काम करतात तिथं एअरपोर्टवर, हिंदीत बोलतात. डबा परत करायला काय म्हणता, गावात राहायचं आहे की नाही त्यांना? एवढी माणुसकी तर ठेवा.

कारंजाकर

आमचे दादाजी-दादी हजला गेले होते नागपूरहून. हज कमिटीकडून जी माहिती मिळाली त्यात खसखस नेऊ नका असं साफ लिहिलेलं होतं. सरकारच स्वतः सांगते तर बिनधास्त भाऊ, तुमच्या आत्याचं नशीब म्हणा. दादीनं पण शिरखुर्म्यासाठी म्हणून थोडी बांधली होती, आम्ही दोरी सोडून काढली.

लसीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हजवाल्यांना मेनिंजायटिसची एसीडब्ल्यूवाय लस लागते, पोहोचायच्या किमान १० दिवस आधी घेतलेली. शिवाय पोलिओचे थेंब, वयस्कांना फ्लूची लस. हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी कॅम्प लावून देतात आणि कार्डावर नोंद होते. तुमचे आई-बाबा उमराला जाणार नाहीत, त्यामुळे ही अट तुमच्यावर यायचं कारण नाही, पण सिस्टर सांगतील.

आणखी एक. दम्मामहून गाडीनं फिरायला निघाले तर मक्केच्या हद्दीत गैरमुस्लिमांना जाता येत नाही, रस्त्यावर मोठ्या पाट्या आहेत. दम्मामपासून ते खूप लांब आहे, तरी सांगून ठेवलं. मोबाइलनं विमानतळावर, पोलिसांचे, बायांचे फोटो काढू नका. बाबांना सवय असते, दिसलं की काढला फोटो आणि टाकला ग्रुपवर.

वणीची_सिस्टर

कारंजाकर भाऊंचं बरोबर. भारतातून भेटीला जाणाऱ्यांना पिवळ्या तापाची लसही नको, ती आफ्रिका-दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्यांना. पण घरात नवं बाळ येणार आहे, म्हणून सक्ती नसली तरी दोघांनीही फ्लूची आणि टीडॅप, म्हणजे डांग्या खोकला-घटसर्प-धनुर्वाताची एकत्र लस घ्यावी, निघायच्या किमान दोन आठवडे आधी. डांग्या खोकला मोठ्यांना नुसता खोकला वाटतो, बाळाला जीवघेणा. आणि कोणी प्रेमानं उंटिणीचं कच्चं दूध दिलं तर नाही म्हणा. २०१२ पासून तिथं मर्स नावाचा आजार आहे, उंटांकडून येतो. उकळलेलं चालेल.

बिनधास्त भाऊ, माणुसकीचं म्हणता म्हणून सांगते. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला फिरायला गेलं. बायको गरोदर. नात्यातल्याच बाईनं एक पाकीट दिलं, अमक्याला द्या म्हणून. दोहाच्या विमानतळावर त्यात चार किलोच्या वर चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षं शिक्षा. बाळाचा जन्म तुरुंगात झाला. इकडं त्यांना फसवलं होतं हे तपासात दिसलं, वकील लागले, दूतावास लागला, तेव्हा कुठं २०२१ मध्ये सुटून आले. ते पाकीटही घरच्याच माणसानं दिलेलं होतं.

काकाजींच्या डब्यात नुसत्या कुरोड्या असतील, मी कुठं नाही म्हणते? पण तिथं उतरल्यावर डबा ज्याच्या बॅगेत, तो त्याचा. काकाजींना वाईट वाटू नये असं असेल तर त्यांच्यासमोर डबा उघडा, एकेक वस्तू पाहा, आणि जे समजलं तेवढंच स्वतःच्या हातानं बांधा. त्याला ते नाही म्हणाले तर प्रश्नच संपला. शिवाय तुमचं तिकीट दोहा किंवा शारजाहून असेल तर मधल्या देशाचा कायदाही लागतो. खसखस आणि पान एमिरेट्समध्येही, म्हणजे दुबई-शारजाच्या देशातही, बंद आहे.

आत्यांच्या नशिबाला माझा नमस्कार.

पऱ्हाटीवाला

सिस्टर ताई, कारंजाकर भाऊ, लय उपकार झाले जी. स्ट्रिप पाह्यली. बॅटरी लावून वाचलं, प्रेगाबालिन ७५ निघालं! आजच डॉक्टरकडे गेलो. थे म्हणाले बरं झालं विचारलं, हळूहळू कमी करून दुसरं देऊ, चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून देतो. एजंटले फोन केला, म्हटलं ईसीआरचं आम्ही पाहून घेऊ, तर त्यानं फोनच ठेवला.

मायले तुमचं सारं वाचून दाखवलं. खसखशीवर काही बोलली नाही, पण तिकडच्या बायाही अळीव खातात ऐकल्यावर तिचा राग अर्धा उतरला. 'घुटी नाही तं लेकरू मोठं कसं होईन' हे मात्र चालूच हाय, थे तुम्हीच फोनवर समजावलं तर बरं. काकाजीले सांगितलं, थे आधी फुगले, मग काकूनं सोताच डबा उघडून दाखवला. तिळाचे लाडू अन् एक बिनलेबलाची बाटली, म्हणे गुडघ्याले लावाचं तेल. बाटली वापस दिली.

अजून थोडं विचारतो. मायले शेगावच्या महाराजांचा फोटो अन् पोथी न्यायची हाय. मंगळसूत्र, पाटल्या अंगावर असतात. अन् घरच्या शेवया, कुरोड्या, सरगुंडे चालतीन का? धुरीसाठी शेगडी पण म्हणत होती, थे तं मीच नाही म्हटलं.

वणीची_सिस्टर

तेल परत केलं हे फार छान.

फोटो छोटा, एकच. पोथी एकच. स्वतःसाठी म्हणून सामानात राहू द्या, वाटायला दहा प्रती नकोत. घरात दार लावून पूजा-वाचन करा, मोठ्या आवाजातली आरती, शेजाऱ्यांना बोलावून पारायण, असलं काही नाही. उघड्यावर पूजा तिथं चालत नाही.

दागिने: निघताना आपल्या विमानतळावर कस्टमच्या खिडकीवर एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, फोटोसकट. नाहीतर परत येताना, हे तिथूनच घेतलं का, यावर वाद. सौदीत ६० हजार रियाल किंवा त्याच्या वर किमतीची रोकड किंवा सोनं असलं तर सांगावं लागते, तुमच्या मायच्या पाटल्या तिथवर जाणार नाहीत.

पासपोर्टची मुदत पोहोचायच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक पाहिजे, बाबांचा जुना असेल तर आत्ताच बघा. व्हिसावर दोन तारखा असतात: कोणत्या दिवसापर्यंत देशात शिरायचं ही एक, आणि शिरल्यापासून किती दिवस राहायचं ही दुसरी. लोक पहिलीलाच राहायची मुदत समजतात. जास्त राहायचं झालं तर मुदत संपायच्या आधी जावयांना त्यांच्या अबशर, म्हणजे सौदी सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या, खात्यावरून वाढवावी लागते, नाहीतर दंड. विम्याचा कागद व्हिसासोबतच येतो, त्याची छापील प्रत मायच्या पर्समध्ये. जावयांचा इकामा (तिथल्या राहायच्या परवान्याचा) नंबर, मोबाइल आणि घराचा पत्ता कागदावर लिहून द्या, फोनची बॅटरी गेली तरी जवाजातच्या, म्हणजे तिथल्या पासपोर्ट काउंटरवाल्यासमोर ठेवता येईल. तिथंही बोटाचे ठसे घेतात. कापूस वेचून वेचून बायांची बोटं घासलेली असतात, ठसे लवकर उमटत नाहीत, तर घाबरायचं नाही. निघायच्या आधीचे काही दिवस रात्री हाताला खोबरेल तेल चोळायला सांगा.

शेवया, कुरोड्या, सरगुंडे, मुगवड्या, सगळं चालते. पारदर्शक पिशवीत भरा, वर इंग्रजीत नाव लिहा, बॅग उघडली तर दिसलं पाहिजे. लोणचं, तूप खालच्या बॅगेत, झाकणावर टेप मारून. कुरोड्या कडक डब्यात, नाहीतर दम्मामला चुराच पोहोचेल. शेगडीचं मनावर घेऊ नका, तिथं ऊद जाळायला कोळशाची धुपाटणी घरोघरी असते, जावयांकडेही भेटेल. फक्त फ्लॅटमध्ये धुराचा अलार्म आहे, खिडकी उघडून करा.

घुटीसाठी मायचा फोन मला रात्री आठनंतर करायला सांगा, नंबर निरोपात पाठवते.